नळ पालिकेचा : मुंबईच्या पाणी खात्याची वाटचाल

मुंबई महापालिकेच्या जल अभियंता खात्याला नेमके जन्मवर्ष नाही. १८६० साली विहारचे पाणी शहरात आले, तेच वर्ष आपण आजवर धरत आलो आहोत. त्याआधी मुंबईत पाणी होते, पाणीपुरवठा नव्हता. विहारला आता १६५ वर्षे होऊन गेली. या काळात राज्यकर्ते बदलले, शहराची हद्द कुलाबा-शीव सोडून दहिसर-मुलुंडला जाऊन भिडली, माणसे काही लाखांवरून सव्वा कोटींवर गेली. धरणापासून चाळीच्या मोरीपर्यंतची साखळी मात्र सार्वजनिक हातांतच राहिली. ती तशी का राहिली आणि राहावी म्हणून कोणी काय केले, हे सांगण्यासाठी स्मरणिकेच्या संपादकांनी ही पाने दिली आहेत.  

१८५० चे दशक : तलाव आटले, विहार झाले

जुन्या मुंबईच्या पाण्याचा नकाशा आजही बस थांब्यांच्या नावांत वाचता येतो. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी, खारा तलाव. यांपैकी बरेच तलाव दानधर्मातून उभे राहिले होते. सी. पी. टँक कावसजी पटेलांचा. धोबी तलावावर फ्रामजी कावसजींनी स्वतःचा पैसा खर्च केला. दात्यांचे ऋण मोठे आहे. पण दात्याच्या तलावावर पाणी भरणाऱ्याला तक्रार करायला जागा नसते. तलाव आटला तर दैवाला बोल लावायचा, गढूळ झाला तर फडक्याने गाळून प्यायचे, आणि नारू झाला तर वैद्य गाठायचा.

१८५० च्या दशकाच्या मध्यात पाऊस कमी झाला आणि ही व्यवस्था कोलमडली. बाहेरून पाणी आणून शहरातल्या विहिरींत ओतण्याची वेळ सरकारवर आली. मिठी नदीच्या उगमाकडे, साष्टीच्या डोंगरांत धरण बांधून पाणी नळाने शहरात आणावे, हा विचार त्याआधी दशकभर कागदावर फिरतच होता. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने तो आराखड्यात उतरवला. कुलाब्याचे अफगाण चर्च ज्याने रेखाटले तोच हा कॉनिबेअर. १८५६ साली काम सुरू झाले आणि १८६० साली विहारचे पाणी मुंबईत पोहोचले. आजच्या मापात रोजचे जेमतेम ३२ दशलक्ष लिटर. धरणाचे दगड वाहणाऱ्या, वाहिनीचे चर खणणाऱ्या मजुरांची नावे कुठल्याही शिलालेखावर नाहीत. या इतिहासात पहिला मान त्यांचा आहे.

१८६० ते १८८० : कर्ज, कायदा आणि तुळशी

विहार सरकारने बांधले, खर्चाचा बोजा पालिकेवर आला, आणि त्या कर्जाच्या हिशेबावरून दोन्हीकडचा पत्रव्यवहार पुढे कित्येक वर्षे चालला. तो रुक्ष असला तरी त्यातूनच पालिकेला पाण्याच्या पैशाचा हिशेब विचारण्याची आणि देण्याची सवय लागली, असे मला वाटते.

खरी कलाटणी कायद्याने दिली. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका आली. त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडून द्यायचे होते. मतदार मूठभरच होते, हे मान्य. तरी पाण्याविषयी सभागृहात उठून प्रश्न विचारणारा माणूस तेव्हापासून मिळाला. पुढे १८८८ चा कायदा झाला. त्यामागे फिरोजशहा मेहतांसारख्यांचा अभ्यास होता. त्या कायद्याच्या ६१ व्या कलमात महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत आणि त्यांत पाणीपुरवठ्याची बांधकामे करणे व राखणे हे कर्तव्य आहे. आपल्या खात्याचा पाया धरणाच्या दगडात जितका आहे तितकाच या कलमात आहे. पालिका पाणी देते ते मेहेरबानी म्हणून नव्हे, हे त्याने एकदाचे ठरवले.

दरम्यान विहार अपुरे पडू लागले होते. कार्यकारी अभियंता रिएन्झी वॉल्टन यांच्या देखरेखीखाली १८७९ साली तुळशी पूर्ण झाले. विहार आणि तुळशी ही आज राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतली, मुंबईला पिण्याचे पाणी देणारी शहराच्या हद्दीतली दोनच तळी. १८८० च्या दशकात मलबार हिल आणि माझगावचे भंडारवाडा हे सेवा जलाशय झाले. मलबार हिलच्या जलाशयावर बाग केली, तीच हँगिंग गार्डन. झुडपे कापून केलेल्या प्राण्यांशेजारी फोटो काढणाऱ्या पाहुण्यांना आपण दक्षिण मुंबईच्या पाण्यावर उभे आहोत हे क्वचितच ठाऊक असते. त्याच सुमारास तातडीची सोय म्हणून पवई तलाव बांधला, पण त्याचे पाणी पिण्याला उतरले नाही.

१८९० चे दशक : तानसा

शहराची भूक साष्टीच्या डोंगरांनी भागणार नाही, हे अभियंता मेजर टुलॉक यांनी आधीच सांगून ठेवले होते. त्यांनी बोट दाखवले शहापूरच्या रानाकडे. १८९२ साली व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते तानसाचे उद्घाटन झाले. सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीची ही दगडी भिंत त्या काळात जगातल्या मोठ्या बांधकामांत गणली गेली. डोंगर, ओढे आणि खाडी ओलांडून येणारे पाणी उताराच्या जोरावर, कोळसा न जाळता शहरात पोहोचत होते. मुंबईचे पाणी आजही मोठ्या प्रमाणात असेच येते, आणि इतर महानगरांच्या तुलनेत ते स्वस्त पडण्याचे एक कारण हेच आहे.

तानसा एका दमात संपले नाही. १९१५, १९२५ आणि १९४८ असे टप्पे घेत ते वाढत गेले. वाहिनीच्या कडेने गस्त घालणारे पहारेकरी, झडपांवरचे कामगार, गळती शोधणारी पथके ही खात्याची ओळख याच काळात घडली. वाहिनीवरच्या चौकीत बापानंतर मुलगा कामाला लागला, अशी उदाहरणे जुन्या माणसांना पुष्कळ ठाऊक आहेत.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. पाणी आले, पण ते वाहून नेणारी गटारे त्या वेगाने आली नाहीत. १८९६ साली प्लेग आला तेव्हा ओल, गर्दी आणि घाण यांनी गिरणगावाची काय दशा केली होती ते सगळ्या जगाने पाहिले.

१९०० ते १९३० : विहिरी बुजल्या

१९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाची चौकशी करून विहिरी आणि टाक्यांकडे बोट दाखवले. पुढची वर्षे विहिरी झाकण्यात आणि बुजवण्यात गेली. काही धर्मश्रद्धेमुळे टिकल्या. चर्चगेटची भिखा बेहराम विहीर त्यांपैकी. शहर नळावर पूर्णपणे विसंबले ते या काळात, आणि मग नळाचा मालक कोण हा प्रश्न प्रत्येक घराचा झाला.

पाणवठा कोणाचा, हा प्रश्न जातीचाही होता. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विहिरी-तळ्यांवर अस्पृश्यांना मज्जाव नसावा, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला. त्याची अंमलबजावणी मागायला १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. सार्वजनिक या शब्दात सगळे येतात, हे कागदावर लिहिणे आणि तसे पाणी प्रत्यक्ष भरता येणे यांतले अंतर आपल्या खात्यालाही पुढे वारंवार कापावे लागले.

१९४० आणि १९५० ची दशके : मोडक सागर

स्वातंत्र्याच्या आगेमागे खात्याचे नेतृत्व देशी अभियंत्यांकडे आले. त्यांत एन. व्ही. मोडक यांचे नाव अग्रभागी आहे. १९४८ चा मोडक-मेयर आराखडा नगररचनेच्या अभ्यासकांना माहीत असतो. पाणी खात्याला मोडक आठवतात ते वैतरणेमुळे. तानसाच्या पलीकडे वैतरणा नदीवर काँक्रीटचे धरण बांधण्याचे काम महापालिकेने स्वतःच्या अभियंत्यांकरवी उचलले आणि १९५७ पर्यंत पुरे केले. एका नगरपालिकेने एवढे मोठे धरण स्वतः बांधावे, याचे देशात फारसे उदाहरण नव्हते. जलाशयाला मोडकांचेच नाव दिले गेले. रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी त्यातून वाढले. हा आकडा नीट लक्षात ठेवावा. पुढच्या काही योजनाही याच मापाच्या आल्या.

पाणी वाढले तशी हद्दही वाढली. १९५० साली उपनगरे आणि १९५७ साली विस्तारित उपनगरे महापालिकेत आली. मोडक सागरचा आनंद त्यामुळे फार काळ टिकला नाही.

१९६० चे दशक : उपनगरांची तहान

गोरेगाव-मालाडच्या वस्त्यांत पाण्यासाठी रात्र जागवली जात होती. १९६१ साली गोरेगावातून मृणाल गोरे महापालिकेत निवडून आल्या. हंडे घेऊन मोर्चे निघाले, अधिकाऱ्यांना घेराव पडले. त्या अधिकाऱ्यांत आपलेही लोक होते. आज इतक्या वर्षांनी मागे वळून पाहता या मोर्च्यांनी खात्याचे भलेच केले, असे म्हणायला हरकत नसावी. उपनगरांसाठी वाहिन्या टाकायच्या तर पैसा लागतो, आणि तो मागायला खात्याच्या टिपणापेक्षा बायकांचा मोर्चा अधिक उपयोगी पडतो. गोरेबाईंना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ ही पदवी दिली ती कायमचीच. १९७७ साली त्या लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी हरल्या तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा मुंबईभर दुमदुमली. एखाद्या नेत्याला पाणी खात्याच्या कामावरून नाव मिळाल्याचे दुसरे उदाहरण निदान आपल्या शहरात नाही.

१९७० आणि १९८० ची दशके : ऊर्ध्व वैतरणा, भातसा, भांडुप

या दोन दशकांत खाते आजच्या आकाराला आले. इगतपुरीकडचे ऊर्ध्व वैतरणा धरण राज्य सरकारने बांधले. त्याचे पाणी वीज निर्माण करून खाली मोडक सागरात उतरते आणि १९७३ पासून मुंबईला मिळू लागले. पाठोपाठ भातसा. हे धरणही राज्याचे. नदीत सोडलेले पाणी पिसे येथे उचलायचे, पांजरापूरला आणायचे, तिथून मुंबईकडे, अशी ही रचना १९८० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. आज मुंबईच्या तलावांच्या एकूण साठ्यातला निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे.

भांडुपचे जलशुद्धीकरण केंद्र १९८० च्या सुमारास सुरू झाले. रोज १,९१० दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करणारे हे केंद्र तेव्हा आशियात सर्वांत मोठे म्हणून गाजले. तोवर वैतरणा-तानसाच्या पाण्यात क्लोरीन घालण्यावर मुख्य भिस्त होती. पावसाळ्यात नळाला येणारे चहाच्या रंगाचे पाणी आणि नळाच्या तोंडाला बांधलेले फडके ज्यांनी पाहिले, त्यांना भांडुपचे मोल सांगायला नको.

या योजनांसाठी १९७३ पासून जागतिक बँकेचे कर्ज घेतले गेले. त्यासोबत पाणी व मलनिस्सारणाचा कारभार आणि हिशेब वेगळा ठेवण्याची शिस्त आली. महापालिकेच्या अर्थसंकल्पात ‘ग’ या अक्षराने ओळखला जाणारा भाग तो हाच. पाण्याचा पैसा पाण्यावरच खर्च व्हावा, ही त्यामागची कल्पना. खात्याच्या आर्थिक बळाचे मूळ यात आहे. बँकेने तेव्हा एक सार्वजनिक खाते भक्कम करायला हातभार लावला, हे पुढे २००० च्या दशकाचे प्रकरण वाचताना ध्यानात असावे.

१९९० चे दशक : १९९५ ची रेघ

या दशकात भातसाचे पाणी वाढले, आणि सोबत एक रेघही ओढली गेली. १९९६ च्या शासकीय परिपत्रकाने १९९५ नंतरच्या झोपड्यांना अधिकृत जलजोडणीपासून दूर ठेवले. खात्याने आदेश पाळला. तहान मात्र आदेश पाळत नाही. रेघेपलीकडचे लोक टँकरवाल्याकडून, शेजारच्या जोडणीवरून, फुटक्या वाहिनीवरून पाणी घेत राहिले आणि पुष्कळदा इमारतीतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजत राहिले. ज्या पाण्यावर खात्याचा ताबा नाही असे पाणी शहरात वाढले, ते या रेघेमुळेच.

२००० चे दशक : के-पूर्वची सभा

नव्या शतकात जगभर पाण्याच्या खाजगीकरणाची हवा होती. बोलिव्हियातल्या कोचाबाम्बा शहरात २००० साली त्यावरून जनता रस्त्यावर उतरली होती. तरीही २००५ नंतर मुंबईत एक प्रयोग सुचवला गेला. अंधेरी पूर्व, जोगेश्वरी पूर्व आणि विलेपार्ले पूर्व मिळून होणाऱ्या के-पूर्व विभागातले पाणीवाटप खाजगी कंपनीकडे सोपवता येईल का, याचा अभ्यास. पैसा जागतिक बँकेच्या माध्यमातून आलेला, सल्लागार कॅस्टेलिया नावाची परदेशी संस्था.

वाटपाचे काम कागदावर सोपे दिसते. प्रत्यक्षात मुंबईचे पाणी चोवीस तास येत नाही. ते विभागाविभागाला ठरावीक तास मिळते, आणि त्यासाठी चावीवाले रोज शेकडो झडपा हाताने उघडतात आणि बंद करतात. टेकडीवरच्या वस्तीला दाब मिळावा म्हणून खालची चावी किती फेरे आवळायची, कुठल्या गल्लीत जुनी वाहिनी नकाशावर नसताना चालू आहे, हे ज्ञान फाइलींत नसून चावीवाल्यांच्या आणि कनिष्ठ अभियंत्यांच्या डोक्यात आहे. सल्लागारांच्या अहवालात नेमकी हीच माणसे दिसत नव्हती.

२००७ साली हा अभ्यास नागरिकांसमोर मांडण्यासाठी सभा झाली आणि सभेने सल्लागारांनाच प्रश्न विचारले. गळतीचे आकडे कुठून आले? मीटर किती चालू आहेत? दर कोण ठरवणार? पाणी आले नाही तर जाब कोणाला विचारायचा? विचारणाऱ्यांत मुंबई पाणी या गटाचे कार्यकर्ते होते, वस्त्यांतल्या बायका होत्या, सोसायट्यांचे पदाधिकारी होते, निवृत्त अभियंते आणि कर्मचारी संघटनाही होत्या. एरवी पाण्याच्या रांगेत एकमेकांसमोर उभे राहणारे हे लोक त्या दिवशी एकाच बाजूला होते. योजना पुढे सरकली नाही. खात्यातही तेव्हा दोन मते होती, ती असणारच. शेवटी वाटप पालिकेकडेच राहिले.

पुढे २०१० साली पॅरिसने आपले पाणी खाजगी कंपन्यांकडून परत घेतले. आपल्याच राज्यात नागपूरने दुसरा मार्ग धरला आणि वाटपाचे काम दीर्घ कराराने खाजगी कंपनीला दिले. मुंबईने मात्र जुनीच गाडी दुरुस्त करून चालवायचे ठरवले. त्या दुरुस्तीचा वेग पाहता के-पूर्वच्या सभेत विचारलेले काही प्रश्न आज आपल्यालाही कोणी विचारले तर उत्तर देताना अडखळायला होईल.

२०१० चे दशक : मध्य वैतरणा आणि न्यायालय

२०१४ साली मध्य वैतरणा धरण पूर्ण झाले आणि आणखी ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळाले. महापालिकेने बांधलेले हे धरण १०२ मीटर उंच आहे. ठाणे जिल्ह्यातल्या गुंदवलीपासून भांडुपपर्यंत जमिनीखालून जलबोगदाही झाला. जुन्या वाहिन्यांवरचा भार त्याने हलका झाला आणि फुटतूट कमी झाली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणखी एक गोष्ट घडली. तिला खात्याच्या इतिहासात धरणाइतकीच जागा द्यायला हवी. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की पाणी हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी बेकायदा आहे एवढ्या कारणाने तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. दर जास्त लावा, पण पाणी द्या. धोरण यायला २०१७ उजाडले आणि त्यातही फूटपाथवरच्या, खाजगी व केंद्राच्या जमिनींवरच्या वस्त्या सुटल्या. मे २०२२ मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ हे अधिक व्यापक धोरण आले. १९९६ च्या रेघेला छेद द्यायला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागला.

२०२० पासून : आज

जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टीने भांडुप केंद्रातच पाणी शिरले आणि शहराचा पुरवठा ठप्प झाला. कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस राबून यंत्रणा पुन्हा उभी केली. २०२३ साली ठाण्यात कूपनलिका खोदताना कोणी थेट आपल्या जलबोगद्यालाच भोक पाडले. दुरुस्तीसाठी महिनाभर १५ टक्के कपात करावी लागली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे नगरसेवकच नव्हते. या काळात पाणी आले नाही तर लोक थेट विभाग कार्यालयात येत. १८७२ च्या कायद्यापासून चालत आलेला मधला दुवा तुटला की काय होते, हे खिडकीपलीकडे बसलेल्या आपल्या अभियंत्यांनी अनुभवले.

आज सात तलाव भरले की साठा होतो १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर उचलतो, म्हणजे वर्षाचा हिशेब जेमतेम जुळतो. म्हणून १ ऑक्टोबरला साठा किती, यावर पुढच्या जुलैपर्यंतचे सगळे ठरते. त्यातले तुळशी ८,०४६ आणि विहार २७,६९८. जिथून सुरुवात झाली ते तळे आज एकूण साठ्याच्या दोन टक्क्यांच्या आत आहे. उरलेले सगळे पाणी ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतले.

तलाव भरले की महापौरांनी श्रीफळ अर्पण करून जलपूजन करण्याचा प्रघात आहे. हे तलाव ज्या भागात आहेत त्या शहापूर आणि मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो, हेही आपल्या वाहिनीवरचे कर्मचारी पाहतात. वाटेवरच्या ठाणे, भिवंडी आणि काही गावांना महापालिका पाणी देते. धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या वारली, कातकरी आणि ठाकरांना मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. नळ सार्वजनिक आहे असे म्हणताना ही माणसे हिशेबात धरली गेलेली नाहीत.

मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प आखला आहे, तो पहिल्या टप्प्यात रोज २०० दशलक्ष लिटरचा. गारगाई धरणातून ४४० दशलक्ष लिटर मिळू शकेल. त्यासाठी तानसा अभयारण्यातली झाडे आणि काही आदिवासी गावे जातील, म्हणून ते वर्षानुवर्षे मागे-पुढे होत राहिले. गारगाईचा निर्णय घेताना गळती आधी किती कमी केली, हे महापालिकेने लोकांपुढे आकड्यांनिशी मांडावे, अशी मागणी खात्यातल्याच काही ज्येष्ठ अभियंत्यांनीही केली पाहिजे. तेवढा अनुभव त्यांच्यापाशी आहे.